यंत्राला ‘का?’ विचारण्याचा हक्क

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे युवक आणि महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय मोठा दिला आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता, तंत्रज्ञानाचं धोरण आणि लोकशाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, राजकारणाचा अभ्यासक नाही. म्हणून जे माझ्या हाताखालून गेलं आणि जे या गावात पाहिलं, तेवढ्यावरच बोलणार आहे.

काष्टी माझं आजोळ. नाना इथल्या शनिवारच्या बाजारात जनावरांचा व्यवहार करायचे. सुट्टीत मी त्यांच्या मागे मागे फिरायचो. नाना बैल घेताना तीन गोष्टी चुकवत नसत. पहिली, जबडा उघडून दात बघायचे. आदत आहे, दोनदाती आहे की जुळला आहे, हे विकणाऱ्याच्या तोंडून नाही, बैलाच्या तोंडातून कळलं पाहिजे. दुसरी, जनावर कोणाचं आणि कुठून आलं, हे विचारायचे. तिसरी, बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय दावं हातात घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, ‘नाना, माणूस ओळखीचा आहे, मग पावती कशाला?’ ते म्हणाले, ‘उद्या भांडण झालं तर कोणाकडं जायचं, ते पावतीवर लिहिलेलं असतं.’

स्वतः तपासता येणं, कुठून आलं ते विचारता येणं आणि चूक झाली तर दाद मागता येणं. आजचं माझं सगळं भाषण या तीन गोष्टींवर आहे. बैल घेताना आपण जे करतो, ते मत देताना आणि सरकारी यादीत नाव शोधताना आपल्याला करता येतं का, एवढाच प्रश्न आहे.

आधी मताचं बोलू. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळी संपला. शेवटचे ४८ तास मतदाराला शांतपणे विचार करता यावा, म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्यात ही तरतूद आहे. १९ तारखेच्या रात्री काही ध्वनिफिती पसरल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचं बोलणं त्यात होतं, आणि आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे असल्याचा दावा होता. भाजपने त्या समाजमाध्यमांवर टाकल्या. सुळे यांनी आवाज आपला नसल्याचं सांगून तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यतपासणी संस्थेने त्या फिती तपासल्या आणि यंत्राने बनवलेल्या असण्याची शक्यता असल्याचं सांगितलं. पण मतदानाच्या दिवशी सकाळी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी माध्यमांना सांगितलं की आवाज त्यांचाच वाटतो, बोलण्याच्या ढबीवरून कळतं.

कोणत्या पक्षाचं बरोबर, हा माझा विषय नाही. आरोप झाले तर चौकशी झालीच पाहिजे. मला दुसरंच सांगायचं आहे. भीमेच्या पलीकडे दौंड आहे, आणि दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात येतं. म्हणजे तो आवाज या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं सभेत ऐकलेला. चुलतभावाला जो आवाज बहिणीचा वाटला, तो खरा की बनावट, हे सकाळी सात वाजता रांगेत उभ्या असलेल्या माणसाने कसं ठरवायचं? त्याला दात बघायची सोयच नाही.

आणि याची दुसरी बाजूही आहे. बनावट आवाज सहज बनतो हे सगळ्यांना कळलं, की खरी ध्वनिफीत सापडलेला माणूसही म्हणू शकतो, ‘हे एआयने केलेलं आहे.’ खोटं खरं म्हणून खपतं आणि खरं खोटं म्हणून झटकता येतं. मग लोक म्हणतात, सगळेच सारखे, कशावरच विश्वास नको. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. ज्याचा कशावरच विश्वास उरला नाही, तो प्रश्न विचारणंही सोडून देतो.

यावर उपाय काय झाले? निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना सांगितलं की बनावट चित्रफीत किंवा ध्वनिफीत लक्षात आल्यावर तीन तासांत काढा. जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की एआयने बनवलेल्या प्रचारावर तसं स्पष्ट लिहा. चांगलं आहे. पण तीन तासांत फेसबुकवरून काढता येईल. घरगुती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पोचलेली फीत कोण काढणार? तिथे आयोग नाही, तिथे तुम्ही आणि मीच आहोत.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. तिथेही आठवड्याचा बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या तावडीतून सोडवलं. तेव्हा एआय नव्हतं, नुसते मेसेज होते. म्हणून अफवेवर विश्वास ठेवणारे ‘ते’ असतात, ‘आपण’ नसतो, असं समजू नका. ऐकलेली बातमी खातरजमा केल्याशिवाय पुढे नेऊ नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून सांगितलं जातं. बोटाने फॉरवर्ड करताना मात्र आपण ते विसरतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो. ही सांगायला मला अवघड जाते, कारण यात मी स्वतः आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत काम करत होतो. काम असं होतं, की दोन याद्या घ्यायच्या आणि दोन्हीकडचा माणूस एकच आहे का, ते प्रोग्रॅमने ठरवायचं. नावं तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून प्रोग्रॅम शंभरपैकी गुण देतो. नाव सारखं असेल तर शंभर, थोडं वेगळं असेल तर नव्वद, आणखी वेगळं असेल तर सत्तर. मग कुठेतरी रेघ मारावी लागते. इतक्या गुणांच्या वर ‘जुळलं’, खाली ‘जुळलं नाही’. ती रेघ मी ८५ वर मारली. एका दुपारी, चहा पिता पिता. काही नमुन्यांवर चालवून पाहिलं, बरोबर वाटलं, पुढे पाठवलं. मला कोणी विचारलं नाही, ८५ च का?

नमुन्याच्या यादीत शेख, सय्यद, पठाण, तांबोळी, अत्तार ही नावं अगदी थोडी होती. आता बघा, शेख हे एकच आडनाव इंग्रजीत कुठे एस-एच-ए-आय-के-एच असं लिहितात, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, कुठे नुसतं एस-एच-ई-के-एच. बाईच्या नावापुढे एक कारकून ‘बी’ लावतो, दुसरा ‘बानो’, तिसरा ‘बाई’. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. माणूस तोच, पण गुण ७८. म्हणजे ‘जुळलं नाही’. शेखांच्या घरात वाढलेल्या मला हे तेव्हा सुचलं नाही. माझ्या मनात कोणाविषयी वाईट नव्हतं. पण यंत्राला मन लागत नाही, त्याला आकडा पुरतो.

पुढे इथेच, काष्टीत, माझ्या खालाचं सरकारी अनुदान बंद झालं. चार महिने पैसे आले नाहीत. ती एका कार्यालयात गेली, तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून सेतू केंद्रात. सगळीकडे एकच उत्तर, ‘सिस्टीम घेत नाही, आजी.’ शेवटी तिने मला फोन केला. म्हणाली, ‘बेटा, तू कॉम्प्युटरचं शिकलास ना, मग त्याला सांग की मी जिवंत आहे.’

आधारवर नाव एक आणि बँकेत दुसरं, एवढीच गोष्ट होती. ती माझ्याच प्रोग्रॅममुळे अडली असं मी म्हणत नाही. बहुधा नाही. पण ते नक्की कळायला मलाही मार्ग नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. कोणत्या प्रोग्रॅमने तिला बाजूला काढलं, रेघ कितीवर होती, ती कोणी मारली, हे खालाला माहीत नाही, सेतूवाल्याला माहीत नाही, खिडकीतल्या कारकुनालाही माहीत नाही. पूर्वी कारकून नाही म्हणाला तर त्याच्या साहेबाकडे जाता यायचं. आता कारकूनच म्हणतो, माझ्या हातात काही नाही. नाना ज्याला पावती म्हणायचे, ती इथे मिळतच नाही.

हे फक्त माझ्या खालाचं दुखणं नाही. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची व्यवस्था आहे. ती वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कुटुंब पात्र आहे का ते सांगते. हैदराबादमधल्या एका सायकलरिक्षावाल्याच्या घराला रेशनकार्ड नाकारलं गेलं, कारण त्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेल्या दुसऱ्याच माणसाकडे मोटार होती. २०१६ पासून तेलंगणात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची पुन्हा पडताळणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. पडताळणीत हजारो कार्डं चुकीने रद्द झाल्याचं आढळलं. त्याच राज्यात २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत अनेकांची नावं मतदार यादीतून गायब होती आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी माफी मागितली. माफी मागितली हे चांगलं झालं, पण गेलेलं मत परत येत नाही.

मुस्लिम म्हणून आपल्याला हे जास्त बोचतं. पण नावाचा घोळ पारध्यांच्या पालावर आहे, ऊसतोडीला सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबात आहे, लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईच्या कागदात आहे. हा प्रश्न आपण ‘आपला’ म्हणून मांडला तर एकटे पडू. गावाचा म्हणून मांडला तर गाव सोबत येईल.

आता तिसरी गोष्ट. रेघ कितीवर मारली, हे कळायला पाहिजे म्हणालो. ते कसं कळतं, याचं एक उदाहरण आहे. चेहरा ओळखणारी यंत्रणा दिल्ली पोलीस वापरतात. चेहरा किती जुळला की माणूस तोच समजायचा? २०२२ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने माहिती अधिकारात हे विचारलं, तेव्हा पोलिसांनी उत्तर दिलं, ८० टक्के. माझा ८५ चा आकडा आठवा. फरक इतकाच, की माझा आकडा कोणालाच कळला नाही, आणि त्यांचा कळला, कारण कोणीतरी दहा रुपयांचा अर्ज केला. आपल्या राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ नावाची एआयची स्वतंत्र कंपनी स्थापन केली. गुन्हेगार लवकर सापडत असेल तर कोणाची तक्रार असणार? पण यंत्राने चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं तर उत्तर कोण देणार, हे आधी लिहिलेलं असलं पाहिजे.

माहिती अधिकार या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी त्यासाठी आंदोलन केलं. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा होता, केंद्राचा २००५ मध्ये आला. घरकुलाची यादी, रोजगार हमीचं मस्टर, रेशन दुकानाची नोंदवही लोकांनी याच कायद्याने मागून घेतली.

त्या कायद्याचा एक दात आता काढला गेला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याची गरज होतीच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं होतं. पण याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी असं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता येईल, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागेल. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असंही त्यात लिहिलेलं होतं. आता त्या अटी गेल्या. माहिती वैयक्तिक आहे, एवढं कारण पुरेसं झालं. जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, त्याचा आधार घेऊन भांडता येईल. पण लाभार्थ्यांची यादीही नावांचीच असते. उद्या कोणी म्हणालं की नावं वैयक्तिक आहेत, मिळणार नाहीत, तर यंत्राने कोणाला वगळलं ते शोधायचं कसं?

याच कायद्यात सरकार आपल्या संस्थांना सूट देऊ शकतं. म्हणजे नागरिकाची माहिती सरकारला उघडी, आणि सरकारचा निर्णय नागरिकाला झाकलेला. लोकशाहीत हे उलट असायला हवं.

कोणी म्हणेल, इतका गोंधळ आहे तर सरकारनेच खरं-खोटं ठरवावं आणि खोटं बंद करावं. मला हा रस्ता धोक्याचा वाटतो, आणि त्याचीही उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. एकीने मुंबई बंदवर प्रश्न विचारला होता आणि दुसरीने ते ‘लाइक’ केलं होतं, बस्स. त्या प्रकरणातून याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. पुढे केंद्राने नियम केला की सरकारी कामाबद्दलची बातमी खोटी आहे का, ते सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, मग तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निर्णयानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. बैल विकणाऱ्यानेच दात मोजून सांगायचे, असा तो प्रकार होता.

मग मागायचं काय? एआय बंद करा, असं मी म्हणणार नाही. माझं पोट त्यावर आहे, आणि पिकावरचा रोग ओळखायला किंवा मराठीतून माहिती मिळवायला त्याचा उपयोगच आहे. मी नानांच्या तीन गोष्टी मागतो. सरकारी कामात यंत्र वापरलं तर कुठे वापरलं आणि रेघ कितीवर आहे, हे जाहीर करा. कोणाचं नाव वगळलं तर त्याला मराठीत, कागदावर, कारण द्या, आणि कारण कळल्याशिवाय हक्क थांबवू नका. तिसरं, ऐकून घेणारा आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस तालुक्याला ठेवा. आणि आम्हा इंजिनिअर लोकांना विचारा. ८५ का, असं मला एकाने जरी विचारलं असतं, तर मी यादी पुन्हा उघडली असती.

आपल्या हातातलंही थोडं सांगतो. निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता मतदार यादीत घरातल्या सगळ्यांची नावं बघा. चूक असेल तर फॉर्म ८ भरा, मदतीला १९५० हा क्रमांक आहे. आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. मतदानाच्या आदल्या रात्री आलेली कोणतीही फीत, ती आपल्याला आवडणारी असली तरी, सकाळपर्यंत पुढे पाठवू नका. आवडणाऱ्या फितीवरच संशय जास्त घ्यायचा, कारण नावडती आपण तशीही तपासतो. आणि ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर तोंडी मिळालं तर ते लिहून मागा. लिहून देत नसतील तर आपण अर्ज लिहा आणि पोच घ्या.

खालाचं अनुदान पुढे सुरू झालं. मी पुण्याहून आलो, तीन कागदांवरची नावं एक केली, अर्ज दिला, पोच घेतली. पण मला दोन दिवस रजा मिळाली म्हणून ते झालं. तिच्या गल्लीत अशाच आणखी चार बायका निघाल्या, त्यांच्या घरात कोणी इंजिनिअर नाही. म्हणून या शिबिरातल्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेआधी आपल्या वस्तीत फिरा, कोणाचं काय बंद झालं त्याची यादी करा, कोणत्याही जातीधर्माचा माणूस सोडू नका. ती यादी ग्रामसभेत वाचा आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या: का बंद झालं? मी त्या दिवशी काष्टीत येईन. अर्ज लिहायला एक जण तरी वाढेल.

जय संविधान.